विद्यार्थ्यांच्या सायकॉलॉजिकल हॉरर शॉर्टफिल्मचं पोस्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, वाई, कऱ्हाड या पट्ट्यातल्या कॉलेजांतली शॉर्टफिल्म करणारी मुलं पोस्टरबद्दल साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांतही भयपटवाली जास्त. त्यांच्यासाठी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रम महत्त्वाचा नाही, अडेल तिथलं वाचा.

शूटिंग अजून व्हायचंय. पोस्टरचा विचार आत्तापासून करायचा का?

हो, आत्ताच. बहुतेक गट एडिट संपल्यावर जागे होतात आणि मग फिल्ममधली एखादी फ्रेम काढून पोस्टर करायला बसतात. तिथे गणित आडवं येतं. फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, आणि तीही आडवी. तिच्यातून पोस्टरच्या २:३ प्रमाणात उभा तुकडा कापला तर रुंदी उरते ७२० पिक्सेल. तो तुकडा १२ बाय १८ इंचाच्या कागदावर ताणला की इंचाला ६० पिक्सेल पडतात. हातात धरून बघायच्या पोस्टरला ३०० हवेत, २०० वर भागतं. फोरके (दोन्ही बाजूंनी याच्या दुप्पट) फ्रेम असली तरी १२० च्या पुढे जात नाही.

त्यापेक्षा शूटच्या दिवशी, लाइट लागलेले असताना, मोबाइल उभा धरून वेगळे फोटो काढा. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून २:३ कापलं तरी त्याच कागदावर इंचाला २२० च्या आसपास मिळतात. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याला दुसरं काही सांगू नका. ‘कुणीतरी काढेल’ म्हटलं की शेवटी वडापाव खातानाचे सेल्फी तेवढे उरतात.

भुताच्या सिनेमाचं पोस्टर आणि सायकॉलॉजिकल हॉररचं पोस्टर यात नेमका फरक काय?

भुताच्या सिनेमात भीती बाहेरून येते. विहिरीतून, पिंपळावरून, बंद खोलीतून. तिथे पोस्टरवर ते ‘काहीतरी’ दाखवलं, निदान त्याचा हात दाखवला, तरी चालतं. तुमच्या फिल्ममध्ये भीती अशी की आपल्याला दिसतंय ते खरं आहे का, आपण कालचं नीट आठवतोय का. तिथे पोस्टरवर केस सोडलेली बाई आणली की बघणाऱ्याला उत्तर मिळून गेलं. तो म्हणणार, अच्छा, भूत आहे, आणि पुढे जाणार.

आमचा आग्रह एवढाच असतो : चित्र पूर्णपणे रोजचं, ओळखीचं ठेवा आणि त्यात एकच गोष्ट बिघडवा. एकच. ती लगेच दिसू नये, पण दिसली की परत न दिसल्यासारखी करता येऊ नये.

म्हणजे कसं? उदाहरण द्या.

समजा गोष्ट अशी. नवरा गेल्यावर एक बाई जुन्या वाड्यात एकटी राहते. रोज सकाळी चहा एक कप करते आणि ओट्यावर दोन कप भरलेले असतात. फिल्मचं नाव धरा ‘दुसरा कप’.

पहिल्यांदा सुचतं ते असं : बाईचा घाबरलेला चेहरा, मागे नवऱ्याची धूसर आकृती, खाली लाल अक्षरं. हे टाकून द्या. चेहरा काढा, आकृती काढा. ओटा ठेवा आणि कडप्प्याच्या फरशीवर शेजारी शेजारी दोन कप ठेवा. एकाच गाळणीतून, एकाच वेळी भरल्यासारखे. एकातून वाफ निघतेय आणि दुसऱ्यावर जाड साय धरलेली आहे. बस. बघणारा आधी म्हणतो, चहाचं पोस्टर का केलंय? मग त्याच्या लक्षात येतं की एक कप आत्ताचा आहे आणि एक बराच वेळ कुणाची तरी वाट बघत बसलेला आहे. आता त्यातला बाईचा कुठला, हे त्याचं त्याने ठरवायचं.

फोटो काढताना तांत्रिक भाग लक्षात ठेवा. वाफ समोरच्या उजेडात दिसत नाही. उजेड कपाच्या मागून किंवा बाजूने हवा आणि पाठीमागे गडद काहीतरी हवं, काळी ओढणी टांगली तरी पुरे. साय धरायची तर चहा दुधाळ करा, आधी तो कप भरून न हलवता ठेवा आणि दुसरा अगदी शेवटी ओता. पावसाळ्यातल्या गार सकाळी वाफ जास्त छान दिसते, आणि ती आपल्याकडे फुकट आहे.

कल्पनाच सुचत नाही, मग?

पटकथा घ्या आणि तिच्यातल्या फक्त वस्तू लिहून काढा. माणसं, भावना, प्रसंग नकोत. चष्मा, कुलूप, औषधाची पट्टी, कॅलेंडर, चपला. मग प्रत्येक वस्तूसमोर लिहा, ‘हिच्यात काय चुकलेलं असेल?’ दाराबाहेर चपलांचा एक जोड, पण दोन्ही डाव्या पायाच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या तारखा खोडलेल्या, उद्याचीसुद्धा. यातलं एखादं फिल्ममध्ये खरंच असेल तर तेच तुमचं पोस्टर. फिल्ममध्ये नसेल तर मोह आवरा. पोस्टरवर दिसलेली वस्तू शेवटपर्यंत आलीच नाही, अशी तक्रार प्रेक्षक हमखास करतो आणि त्याचं बरोबर असतं.

मनात आलेल्या कल्पना काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने काढा. तेवढ्याशा जागेत जी कळत नाही ती मोठी केल्यावरही कळत नाही.

चेहरा घ्यायचाच असेल तर?

घ्या, पण ओरडणारा नको. उघडं तोंड, पांढरे केलेले डोळे, डोळ्यांतून काळं पाणी, हे इतकं झालंय की आता त्याचं हसू येतं. शांत चेहरा जास्त त्रास देतो. एक जुनी युक्ती अजून चालते : चेहऱ्याचा फोटो मधोमध कापा आणि एक अर्धा उलटा करून दुसऱ्या बाजूला जोडा. खऱ्या चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे असा जुळवलेला चेहरा माणसाचाच दिसतो पण कुठेतरी खटकतो. नाकाच्या टोकावरचा जोड मात्र हाताने नीट घासून काढा, नाहीतर फक्त खराब एडिटिंग दिसेल.

दुसरं, उजेड. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि मागच्या भिंतीवरची सावलीही डावीकडेच. सामान्य माणसाला कारण सांगता येत नाही, पण नजर पुन्हा पुन्हा तिथे जाते.

बारा मोटेची विहीर, अजिंक्यतारा, कास. एवढी लोकेशन्स आहेत, पोस्टरवर वापरू ना?

लिंबची बारा मोटेची विहीर अठराव्या शतकातली आहे, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, अष्टकोनी विहीर, जमिनीखालचा महाल. भयपटवाल्याला तिथे गेल्यावर वेड लागणार, हे मान्य. पण साताऱ्यातला प्रत्येक माणूस ती ओळखतो. पोस्टर बघून तो म्हणेल, ‘अरे, ही तर लिंबची विहीर, आम्ही मागच्या रविवारी गेलो होतो.’ तुमच्या नायिकेच्या डोक्यात शिरायच्या ऐवजी तो सहलीच्या आठवणीत शिरला. गावच्या वारशाच्या जागेवर भुताटकीचा शिक्का मारणं गावकऱ्यांनाही आवडत नाही, आणि का आवडावं?

यवतेश्वरच्या घाटातल्या धुक्यात पाठमोरी उभी मुलगी, हे तर आता बंदच करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुक्यापेक्षा पाठमोऱ्या मुली जास्त असतात.

कुणाचंही असू शकेल असं घर शोधा. मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा जिना, हॉस्टेलचा कॉरिडॉर, सदर बझारमधल्या एखाद्या घराची मागची बाल्कनी. भीती बघणाऱ्याबरोबर त्याच्या घरी जायला हवी.

रंग काळा-लालच हवा का?

नको. काळ्या-लालची दोन दुखणी आहेत. एक, सूचनाफलकावर शेजारी रक्तदान शिबिराचं पोस्टर असेल तर दोन्ही एकसारखी दिसतात. दोन, गडद पोस्टर छापताना गाळात जातं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, म्हणून तिथे अंधारातली खुर्ची दिसते. कागद उजेड फेकत नाही, तिथे खुर्ची गायब. म्हणून छापायच्या फाइलमध्ये गडद भाग थोडा उचलून घ्या आणि संपादन करताना स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा.

आपल्या भागातल्या घरांतले रंग बघा. भिंतीला अर्ध्यापर्यंत मारलेला पिस्ता ऑइलपेंट, वर कळकट चुना, ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, देवघरातला लाल झिरो बल्ब. पिस्ता रंगाच्या भिंतीसमोर माणूस नुसता उभा केला तरी सरकारी दवाखान्यात रात्र काढल्यासारखं वाटतं. एक फिका रंग सगळीकडे आणि त्यात एकच परका रंग, एवढ्यावर पोस्टर उभं राहतं.

काळं मोठ्या भागात हवंच असेल तर फक्त काळी शाई शंभर टक्के टाकू नका, छापल्यावर राखाडी दिसते. सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४० आणि ब्लॅक १०० असं मिश्रण बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी प्रेसवाल्याला आधी विचारा. बारीक काळी अक्षरं मात्र नुसत्या काळ्यातच ठेवा.

शीर्षकासाठी रक्त ठिबकणारा मराठी फाँट कुठे मिळेल?

मिळेल, पण घेऊ नका. शिरोरेषेवरून लाल थेंब लोंबले की आतली फिल्म कितीही चांगली असो, पोस्टर जत्रेतल्या भूतबंगल्याचं होतं.

देवनागरीने आपल्याला शिरोरेषा दिलेली आहे, आणि इंग्रजी पोस्टरवाल्याकडे ती नाही. तिच्याशी खेळा. ‘दुसरा कप’ मध्ये ‘दुसरा’ची रेषा सरळ आणि ‘कप’ची रेषा किंचित खाली घसरलेली, दोन-तीन अंश. किंवा रेषा शब्दाच्या पुढे उगाच लांब गेलेली, जणू पुढे आणखी अक्षर होतं आणि कुणी पुसलं. रेषा मध्येच तोडायचा मोह होईल. तेव्हा सांभाळा : ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांत रेषा अखंड आहे की तुटलेली यावर बरंच काही अवलंबून असतं. ‘घर’ची रेषा चुकीच्या जागी तोडली की लोक ‘धर’ वाचतात.

तयार फाँटच हवा असेल तर गूगल फाँट्सवर मोफत मिळणारे बघा. ‘मुक्ता’ साधा आणि भरवशाचा, ‘खांड’ आणि ‘तेको’ अरुंद, उंच, ‘तिरो देवनागरी मराठी’ जुन्या छपाईची आठवण देणारा. या शेवटच्याची आमच्याकडून खास शिफारस. वाड्याच्या, पत्रांच्या, जुन्या वह्यांच्या गोष्टीला तो फार शोभतो. कुठलाही फाँट घेतलात तरी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का बघा, बऱ्याच फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात.

आणि अक्षर ताणू नका, ना आडवं ना उभं. आडवं ताणलं की काना जाड होतो, उभं ताणलं की रेषा जाड होते, आणि अक्षर आजारी दिसतं. भीतीदायक दिसत नाही.

हाताने रंगवलं तर?

अवश्य. शेजारच्या कोल्हापुरात मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवत, म्हणजे परंपरा घरचीच आहे. कोळशाने काढलेला ओटा आणि दोन कप फोटोपेक्षाही चांगले दिसू शकतात. कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, पोस्टर चित्रापेक्षा दुप्पट मोठं करायचं असेल तर ६०० ला. मोबाइलने फोटो काढून पाठवू नका, कडांना सावली येते.

फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की वेलांट्या उड्या मारतात.

फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा आणि नवीन फाइल उघडून बघा. फोटोशॉप नसेल तर गिंप, क्रिटा, इंकस्केप मोफत आहेत. फक्त अक्षरजुळणीसाठी इंकस्केप पुरेसं आहे. फाइल प्रेसला देण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत बदला, प्रेसवाले त्याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. तसं केलं नाही आणि तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसला, तर नायिकेचं नाव चौकोनांत छापून येईल. कर्व्ह केलेली प्रत वेगळी सेव्ह करा, मूळ तशीच राहू द्या.

एआयने बनवलं तर काय हरकत आहे?

देवनागरी अक्षरं त्यात अजूनही बऱ्याचदा बिघडतात, आणि चित्र कुठल्याही देशातल्या कुठल्याही घराचं वाटतं. कल्पना तपासायला वापरा. अंतिम पोस्टर महोत्सवाला पाठवणार असाल तर आधी त्यांचे नियम वाचा. तुमच्या सिनेमॅटोग्राफरने रात्र जागून लावलेला लाइट पोस्टरवर नसावा, हे आम्हाला तरी पटत नाही.

नायिका मानसिक रुग्ण आहे. बेड्या, वेड्यांचं हॉस्पिटल, विस्कटलेले केस दाखवू का?

नको. हा प्रश्न थोडा थांबून वाचा.

तुमची फिल्म एखाद्याच्या मनात काय चाललंय ते आतून दाखवते. पोस्टरवर त्याच माणसाला बाहेरून राक्षस केलं की फिल्मचं कामच उलटं होतं. सूचनाफलकासमोर उभ्या असलेल्या मुलांमध्ये एखादा गोळ्या घेणारा असतो, एखादीची आई उपचारांवर असते. मानसिक आजाराच्या माणसाला सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे. पोस्टरने निदान त्याच्या विरुद्ध दिशेला जाऊ नये. गळफास, ब्लेड, गोळ्यांचा ढीग हेही टाळा. फिल्ममध्ये आत्महत्येचा विषय असेल तर शेवटच्या पाटीवर सरकारी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

तसंच लिंबू-मिरची, टाचण्या टोचलेली बाहुली, भानामती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाल्यानंतरही, मानसिक त्रास झालेल्या माणसाला आधी देवऋष्याकडे नेणारी घरं आहेत. तुमची फिल्म मनाबद्दल असताना पोस्टर करणीबद्दल का बोलतंय, याचं उत्तर आधी स्वतःला द्या.

टॅगलाइन हवी का?

असलीच पाहिजे असं नाही. शीर्षक जे सांगतं तेच पुन्हा सांगणार असेल तर नको. ‘दुसरा कप’ खाली ‘एक भयानक रहस्य’ लिहून काय साधलं? फिल्ममधलं एखादं साधं वाक्य उचला : ‘साखर तुम्ही घालून घ्या.’ घटना खरी नसेल तर ‘सत्यघटनेवर आधारित’ लिहू नका.

नावं कोणाची, किती मोठी?

दिग्दर्शन, लेखन, छायांकन, संकलन, ध्वनी, कलाकार. भांडण नको असेल तर सगळी एकाच आकारात. इंग्रजी पोस्टरच्या तळाशी असतात तशी उंच, चेपलेली अक्षरं मराठीत वाचता येत नाहीत, मात्रा एकमेकींत घुसतात. काळ्यावर पांढरी नावं असतील तर आठ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि बारीक वजनाचा फाँट घेऊ नका, शाई भरून अक्षर बुजतं. कॉलेजचा लोगो प्राचार्यांच्या परवानगीनेच. महोत्सवाची पानांची माळ (निवड झाल्याची खूण) खरंच निवड झाली असेल तरच, त्यांनी पाठवलेल्या फाइलमधूनच.

कोपऱ्यात ‘ए’ चं चिन्ह टाकलं तर भारी दिसेल ना?

ते सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र आहे, सजावट नाही. प्रमाणपत्र घेतलेलं नसेल तर ‘ए’, ‘यूए’ काहीही टाकू नका. ‘लहान मुलांनी पाहू नये’ असं मराठीत सरळ लिहा.

फ्लेक्स करू की कागदावर छापू?

सूचनाफलकासाठी कागद. डिजिटल प्रेसमध्ये १२ बाय १८ हा चालू साइज आहे, १७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) आर्ट पेपर, परवडलं तर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी केलंत तर गडद पोस्टरमध्ये बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसेल. (एखाद्या फिल्मला हे शोभेलही.) चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा, अक्षरं कडेपासून किमान अर्धा इंच आत ठेवा, रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया), फाइल पीडीएफ.

फ्लेक्स स्क्रीनिंगच्या दारात एक पुरे. तो स्क्वेअर फुटावर मिळतो आणि लांबून बघायचा असतो, त्यामुळे इंचाला १०० पिक्सेलही चालतात. मात्र फ्लेक्सच्या दुकानात एक धोका आहे. तिथल्या ऑपरेटरकडे दिवसभर वाढदिवसांचे फ्लेक्स येतात आणि प्रत्येकाला चेहरा उजळ हवा असतो. तुमची फाइल उघडली की त्याचा हात आपोआप ब्राइटनेसवर जातो. तो मदतच करत असतो बिचारा. ‘दादा, कलरला हात लावू नका, अंधारच हवाय’ असं समोर उभं राहून सांगा आणि वीतभर तुकडा आधी छापून घ्या. गणपती आणि निवडणुकीच्या आठवड्यांत जाऊ नका, तेव्हा तुमच्या अंधाराकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

पोस्टर कुठे लावायची?

कॉलेजच्या फलकावर शिक्का घेऊन. नाट्यगृहात, वाचनालयात, चहाच्या टपरीवर मालकाला विचारून. पोवई नाक्यावरच्या खांबांना किंवा कुणाच्याही भिंतीला रात्री खळ लावून चिकटवू नका. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ पासून राज्यात कायदा आहे, आणि पोस्टरवर तुमचीच नावं छापलेली असतात, शोधायलाही जावं लागत नाही.

इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी तेच पोस्टर टाकू का?

तेच चित्र, मांडणी वेगळी. पोस्टसाठी १०८० बाय १३५०, स्टोरीसाठी १०८० बाय १९२०. श्रेयनामावली काढून टाका, कॅप्शनमध्ये लिहा. शीर्षक मोठं करा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून टाकतं आणि गडद भागात पट्टे उमटतात. त्यावर उपाय म्हणजे चित्रावर थोडं ग्रेन (बारीक दाणे) टाकणं आणि गटातल्या लोकांना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणं.

सर म्हणतात, ‘यात भीतीच वाटत नाही.’ काय करू?

सरांना किती वेळ दाखवलंत? आणि दाखवताना गोष्ट सांगितलीत का? तीच चूक असते. फिल्मबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसाला पोस्टर पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, ‘काय दिसलं?’ तो म्हणाला ‘भूत’, तर तुम्ही जास्त सांगितलंय. ‘चहाचे कप’ म्हणून गप्प बसला तर बिघाड दिसतच नाहीये, साय अजून जाड करा, वाफ अजून उजळा. ‘कप… पण एक थंड का आहे?’ असं म्हणाला तर सरांना तो माणूस नेऊन भेटवा.

कॅन्टीनमधल्या मित्रांवर ही चाचणी करू नका, ते पार्टीच्या आशेने चांगलंच म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी असलेली माणसं उत्तम. त्यांना वेळ असतो आणि तुमच्याकडून काही नको असतं.